एकाच पातेल्यातले जेवण सगळ्यांना चालावे म्हणून

आपल्या मुलीला सीलिअ‍ॅक (गहू, जव यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार) आहे, यजमानांना दूध पचत नाही, धाकट्याला अंड्याची अ‍ॅलर्जी आहे, आणि तिघांसाठी तीन प्रकारचा स्वयंपाक व तयार ‘ग्लुटेनमुक्त’ पदार्थ यांत वेळ आणि पैसा दोन्ही संपतात, असे आपण लिहिले आहे. आमच्याकडेही मुलीला सीलिअ‍ॅक आणि सासूबाईंना दुधाचा त्रास आहे, त्यामुळे ही ओढाताण मला चांगली ठाऊक आहे.

आधी एक फरक मनात पक्का करावा, कारण पुढचा सारा हिशेब त्यावर अवलंबून आहे. दुधातील साखर न पचणे ही प्रमाणाची बाब आहे; पेलाभर दुधात असते तेवढे, म्हणजे सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज (हीच ती दुधातली साखर), असा त्रास असलेल्या बऱ्याच जणांना जेवणासोबत सोसते आणि दही त्याहूनही सोपे जाते. सीलिअ‍ॅकमध्ये मात्र ‘थोडेसे चालेल’ असे काही नसते. ग्लुटेनमुक्त म्हणवणाऱ्या पदार्थाला आंतरराष्ट्रीय मानकाने घातलेली मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम इतकी कडक आहे. अंड्याच्या अ‍ॅलर्जीतही घरी प्रयोग करू नयेत; भाजलेल्या केकमधले अंडे काही मुलांना चालते, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच तपासावे.

त्यामुळे माझा सल्ला असा, की मुख्य पातेले सर्वांत कडक पथ्य असणाऱ्याला चालेल असेच शिजवावे आणि बाकीच्यांना हवे ते ज्याच्या त्याच्या ताटात वाढावे. तांदूळ, मका, ज्वारी, डाळी, कडधान्ये, बटाटे आणि भाज्या यांत ग्लुटेन, दूध वा अंडे मुळातच नसते आणि महागड्या तयार पदार्थांपेक्षा ही सामग्री कितीतरी स्वस्त पडते. फोडणी लोण्याऐवजी तेलाची द्यावी. रस्सा दाट करायला मैदा न लावता त्यातलीच डावभर शिजलेली डाळ किंवा बटाटा घोटून परत घालावा. सायीची चव ज्यांना हवी असेल त्यांनी साय पानात घ्यावी.

पिठाच्या बाबतीत सुरुवातीला माझी फार निराशा झाली होती, कारण तांदळाचे पीठ गव्हासारखे मळायला गेले की काठ चिरतात. पीठ धरून ठेवणारे ग्लुटेन त्यात नसते, म्हणून ते काम शिजलेल्या स्टार्चकडून करून घ्यावे लागते. मीठ आणि चमचाभर तेल घातलेले पाणी खळखळून उकळले की त्यात पीठ घालून आच बंद करावी, दहा मिनिटे झाकून ठेवावे आणि हाताला सोसेल इतके गरम असतानाच मळावे. पीठ थंड झाले की पुन्हा चिरा पडतात. अंड्याच्या जागी एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवली की ती चिकट होते. वड्या आणि साधा केक बांधून ठेवायला ती पुरते. जिथे अंडे फेसून पदार्थ फुलवायचा असतो तिथे मात्र तिचा उपयोग होत नाही.

आता भांड्यांविषयी. आमच्या घरी मुलीचे सर्व पथ्य पाळूनही तिच्या रक्तातील प्रतिपिंडांचे (या आजाराची खूण असलेल्या, तपासणीत मोजल्या जाणाऱ्या प्रथिनांचे) प्रमाण उतरत नव्हते. एके दिवशी चाळणी उन्हात धरली, तेव्हा जाळी आणि कडेची पट्टी यांच्या सांध्यात जुन्या कणकेचा पिवळट थर घट्ट बसलेला दिसला. त्याच चाळणीतून मी तिचे तांदळाचे पीठ चाळत होते. मला फार वाईट वाटले. स्टीलची भांडी साबणाने स्वच्छ होतात, पण चाळणी, लाकडी पोळपाट-लाटणे आणि टोस्टर तिच्यासाठी वेगळे ठेवावेत; पैसे खर्च करायचेच असतील तर ते तयार बिस्किटांपेक्षा यावर करावेत. सुटे पीठ विकत घेण्यापेक्षा अख्खे धान्य निवडून, धुऊन, वाळवून घरीच दळणे अधिक सुरक्षित असते. कडधान्य एकदम शिजवून वेळेपुरते भाग गोठवले की इंधनही वाचते; मात्र शिजलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेले पाहिजे.

धाकट्याचे पोट अलीकडे दुखते म्हणून त्याचाही गहू बंद करावा का, असे आपण शेवटी विचारले आहे. कृपया अजून बंद करू नका. सीलिअ‍ॅक असलेल्यांच्या सख्ख्या भावंडांत दहांपैकी साधारण एकाला तो आढळतो, म्हणून त्याची रक्ततपासणी अवश्य करून घ्यावी. परंतु गहू आधीच थांबवला तर प्रतिपिंडे कमी होऊन आजार असूनही तपासणीत दिसत नाही. तपासणी पूर्ण होऊन डॉक्टर सांगेपर्यंत त्याच्या ताटात गव्हाचे काहीतरी रोज असू द्यावे, आणि ते खाऊन झाले की बहिणीच्या ताटाला हात लावण्याआधी त्याने साबणाने हात धुवावेत.