चमच्यात काय आहे ते आधी सांगायचं

प्रश्न : माझी मुलगी (वय 22) सप्टेंबरमध्ये जर्मनीला कासेलला निघालीय. दिव्यांगांच्या एका निवासी संस्थेत वर्षभर स्वयंसेवक म्हणून. जर्मन भाषा बी-1 पर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत, झालीय. वर्षात 25 दिवस प्रशिक्षण असं पत्रात आहे. त्यात करतात काय? सुट्टीला ती एकटी काय करणार? पैसे पुरतील का?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, मी 2023-24 मध्ये त्याच गावात हेच काम करत होते, म्हणून तुमचं पत्र मी मागून घेतलं.

ते 25 दिवस एकदम नसतात. पाच-पाच दिवस करून वर्षभर विखुरलेले असतात आणि ती ड्यूटीच धरतात, रजा कापत नाहीत. गाव सोडून कुठल्या तरी वसतिगृहात जायचं, आपली चादर आपण घालायची, खुर्च्या गोल मांडून बसायचं. पहिले दोन दिवस मला वाटलं, हे काय बालवाडीसारखं चाललंय!

तिसऱ्या दिवशी जोड्या पाडल्या. एकाच्या डोळ्यांवर पट्टी, दुसऱ्यानं त्याला दही भरवायचं. मी म्हटलं, यात काय, भाचरांना भरवलंय की! भराभर चार चमचे भरवले. मग पट्टी माझ्या डोळ्यांवर आली. गार काहीतरी अचानक ओठाला लागलं आणि मी दचकून मान मागे घेतली. दही गळ्यावर. चमच्यात काय आहे, कधी येतोय, हे कुणी सांगितलंच नव्हतं. मीही आधी सांगितलं नव्हतं. संस्थेतल्या एक आजी माझ्याकडून जेवताना तोंड का फिरवतात, ते मला तेव्हा कळलं. परत गेल्यावर "आता बटाटा, आता गाजर" असं बोलत भरवायला लागले. आजींनी तोंड फिरवणं सोडलं. गाजर मात्र थुंकायच्या, ती त्यांची आवड!

मुलीला एक सवय मोडायला सांगा. समजलं नसताना "हो हो" म्हणायची. मी औषधांच्या वेळेबद्दल अशीच मान डोलावली होती. थोडक्यात निभावलं, पण बोलणी खाल्ली. "परत सांगा" म्हटलेलं तिथे कुणाला खटकत नाही.

पैशांचं म्हणाल तर हातखर्चाची रक्कम संस्थेगणिक बदलते. राहणं-जेवण त्यात धरलंय की वेगळं, हे करारात नीट वाचा. काटकसरीनं पुरतात. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे शनिवारीच दूध-ब्रेड आणायचा. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या फेकू नयेत, दुकानातल्या मशीनमध्ये टाकल्या की बाटलीमागे 25 सेंट परत मिळतात. रात्री गार ब्रेड-चीज जेवतात. महिनाभर राग येतो, मग सवय होते. फोडणी करताना खिडकी उघडी ठेवायची. माझ्या पहिल्याच पिठल्याला धुराचा अलार्म वाजला आणि सगळं घर अंगणात.

आणि सुट्टी? मी गेले तेव्हा 49 युरोत महिनाभर देशभरातल्या साध्या गाड्या, ट्राम, बस चालायच्या. पास अजून आहे, महाग झालाय. जलद गाड्यांना चालत नाही, हे तिला बजावा.

पण कासेलमध्ये सगळ्यात भारी गोष्ट फुकट आहे. डोंगरावर ग्रीक पुराणातल्या हर्क्युलिसचा तांब्याचा पुतळा उभा आहे. 1 मे ते 3 ऑक्टोबर, बुधवारी आणि रविवारी दुपारी अडीचला त्याच्या पायथ्याशी पाणी सोडतात. पंप नाही, नुसत्या उतारानं पाणी पायऱ्यांवरून, धबधब्यांतून खाली येतं आणि शेवटी तळ्यातलं कारंजं पन्नासेक मीटर उडतं. गंमत अशी, की लोक पाण्याबरोबर डोंगर उतरतात. पाणी थांबलं की थांबायचं, निघालं की पुढं. आपल्याकडे पालखीबरोबर चालतात ना, तसं. आमच्या गटातल्या पोरींशी माझी खरी ओळख त्या उतारावर झाली, गोल खुर्च्यांवर नाही.

तुमची लेक सप्टेंबरात जातेय, म्हणजे हाताशी जेमतेम महिना. पहिल्याच रविवारी जाऊ दे. चपला नकोत, बूट घालायला सांगा. पायऱ्या फार आहेत.