शाई लावण्याआधी

प्रिय मित्रा,

ओकलंडमधल्या कोरियन-अमेरिकन बहीणभावावर आठ पानांची चित्रकथा करतोयस, हे फार चांगलं. पण तुझ्या आराखड्यातली पहिली दोन पानं 'मी नक्की कुठला?' या स्वगतातच गेलीत. ती काढून टाक. पंचविशीतल्या माणसाला घरभाडं, नोकरी, मित्राशी झालेलं भांडण आधी छळतं. कोरियनपण त्यातूनच दिसू दे. डेरेक कर्क किमची 'सेम डिफरन्स' ही चित्रकथा याच नजरेने पुन्हा वाच. गोष्ट सुरू होते फो (व्हिएतनामी नूडल सूप) खाता खाता, आणि तिच्या मुळाशी आहे शाळेत असताना मारलेली एक थाप.

सगळ्यात आधी ठरव, कोण कितव्या वर्षी अमेरिकेत आलं. बहीण आठव्या वर्षी आली असेल (अशांना तिकडे 'दीड पिढी' म्हणतात) आणि भाऊ तिथेच जन्मला असेल, तर आईचं कोरियन दोघांना सारखं कळणार नाही. तुझ्या गोष्टीचा जीव इथे आहे.

अमेरिकन कॉमिक्समध्ये परभाषेतलं बोलणं टोकदार कंसात < > इंग्रजीतून देतात. आईचं सगळं बोलणं तसं दिलंस तर भावाला काय कळलं नाही, हे वाचकाला कळणारच नाही. म्हणून प्रसंग कुणाच्या कानांनी ऐकायचा ते ठरव. बहिणीच्या पानांवर कंसातलं इंग्रजी. भावाच्या पानांवर त्याला कळतात तेवढे शब्द इंग्रजीत, बाकी हांगुल (कोरियन लिपी) तसंच. तो उत्तर इंग्रजीतच देईल, बहिणीला मात्र नावाने नाही, 'नुना' (मुलगा मोठ्या बहिणीला म्हणतो ते) म्हणेल. हांगुल एखाद्या कोरियन माणसाकडून तपासून घे. बऱ्याच कॉमिक फॉन्टमध्ये हांगुल नसतं, तिथे रिकामे चौकोन उमटतात. शिवाय एका अक्षरगटात तीन-चार खुणा बसतात, त्यामुळे बारीक आकारात शाई भरून अक्षर बुजतं. इंग्रजीपेक्षा थोडं मोठं ठेव.

संवादाच्या एका फुग्यात पंचवीसच्या वर शब्द नकोत. फुगे कच्च्या रेखाटनातच बसव, नाहीतर शेवटी डोक्यांवर चढतात. जो आधी बोलतो तो डावीकडे. तिसऱ्या पानावर आई उजवीकडे उभी राहून आधी बोलते, म्हणून फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना छेदतात. तिला ओट्याच्या डाव्या टोकाला हलव.

जेवणाच्या चौकटीत आईने भाताचा वाडगा हातात उचललाय. कोरियन पद्धतीत वाडगा टेबलावरच राहतो. भात लांब दांड्याच्या चमच्याने खातात, धातूच्या काड्या पदार्थ उचलायला. जाणकार वाचक इथेच अडखळेल. कापलेल्या फळांची बशी म्हणजे आईची माफी, हा प्रसंग आता इतका वापरून झालाय की तो टाळच.

चेहऱ्यांवर आणखी मेहनत हवी. डोळ्यांच्या जागी नुसती तिरकी रेघ मारलीस तर तिघं एकसारखे दिसतात. पापणीची घडी, जबडा, केसांची रेषा प्रत्येकाची वेगळी कर. नाव झाकून कोण ते ओळखू आलं पाहिजे.

मूळ चित्र छपाईच्या दीडपट काढ, काळंपांढरं ६०० डीपीआयवर (इंचामागे ६०० ठिपके) स्कॅन कर. ३०० वर रेघेच्या कडा करवतासारख्या दिसतात. आठ पानं सेंटर पिनला (घडीवर मधोमध पिना मारून केलेल्या बांधणीला) बरोबर बसतात, कारण पानांची संख्या चारच्या पटीत लागते. मुखपृष्ठाचा कागद वेगळा धर.

शेवटच्या पानावरची आई-मुलाची मिठी काढ. तिथे त्याला आईचं एक वाक्य अर्धवट कळू दे आणि तो काहीतरी भलतंच उत्तर देऊ दे. पहिल्या चार पानांची कच्ची रेखाटनं शाई लावायच्या आधी पाठव. फुग्यांच्या जागा आपण एकत्र बघू.

तुझा,
एक जुना चित्रकथाकार