एमआरआयमध्ये मेंदूतली जनुकं 'चालू' असलेली दिसतात का?

थेट नाही. एमआरआयचं चित्र मुख्यतः शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनकडून येणाऱ्या संकेतांवर बनतं. कोणतं जनुक किती सक्रिय आहे हे कळायला मात्र ऊतीचा तुकडा घेऊन त्यातला आरएनए (जनुक चालू असताना बनणारी त्याची रासायनिक नक्कल) मोजावा लागतो. जिवंत माणूस मेंदूचे असे शेकडो तुकडे कसे काढू देणार?

म्हणून दोन नकाशे, एक एमआरआयचा आणि एक जनुकांच्या सक्रियतेचा, एकमेकांवर ठेवले जातात. सिअ‍ॅटलच्या अ‍ॅलन इन्स्टिट्यूटने ६ मृत दात्यांच्या मेंदूंचे आधी एमआरआय काढले, मग काप घेऊन सुमारे ३,७०० नमुन्यांत २० हजारांवर जनुकांच्या सक्रियतेची पातळी मोजली. प्रत्येक नमुना मेंदूत नेमका कुठला, याची एमआरआयवर नोंद आहे. त्यामुळे एखाद्या आजारात मेंदूचा बाहेरचा थर जिथे पातळ झालेला दिसतो, तिथे एरवी कोणती जनुकं जास्त सक्रिय असतात ते ताडून पाहता येतं.

पण जरा जपून. ६ पैकी ४ जणांचा फक्त डावा अर्धगोल तपासला होता. शिवाय मेंदूत शेजारशेजारचे भाग तसेही एकमेकांसारखे असतात, त्यामुळे दोन नकाशे निव्वळ योगायोगानेही जुळल्यासारखे दिसू शकतात. 'स्कॅनमध्ये आजाराचं जनुक सापडलं' अशी बातमी आली की मी आधी हा योगायोग कसा वगळला तेच शोधतो.