भत्ता कापला की माणूस कामाला लागतो का?

प्रश्न असा आहे: ‘मुलं असलेल्या कुटुंबांना सरकारकडून मिळणारी मदत कमी केली, तर लोक कामाला लागतील आणि गरिबी हटेल का?’

यात दोन प्रश्न एकत्र आले आहेत. लोक कामाला लागतात, तरी गरीबच राहतात, असं पुष्कळदा झालं आहे. मदत जितकी जास्त तितकी कामाची इच्छा कमी, असं मीही बरीच वर्षं समजत होते. वेगवेगळ्या देशांचे नियम बारकाईने वाचायला लागले तेव्हा मत बदललं. रक्कम किती यापेक्षा, घरात कमाई येऊ लागल्यावर ती किती वेगाने कापतात, हे मला आता जास्त महत्त्वाचं वाटतं.

ब्रिटनमधलं युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना दर महिन्याला मिळणारी सरकारी मदत, पाहा. ठरावीक सूट वगळली, तर जास्तीच्या प्रत्येक पौंडामागे 55 पेन्स मदत कापली जाते. 2021 च्या अखेरीपर्यंत 63 कापत होते. कमाई करपात्र असेल तर आधी 20 टक्के आयकर आणि 8 टक्के नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक विम्याची वर्गणी) जातो, उरलेल्या 72 पेन्सांच्या 55 टक्के मदत कापतात, म्हणजे हातात उरतात साधारण 32 पेन्स. त्यातून जायचं-यायचं भाडं वेगळं.

अमेरिकेत याहून वाईट होतं. 1967 च्या कायद्याने मदत घेणाऱ्या आईच्या महिन्याच्या कमाईतले पहिले 30 डॉलर आणि उरलेल्याचा एक तृतीयांश हिस्सा हिशेबात धरायचा नाही, असं ठरलं होतं. 1981 मध्ये एक तृतीयांशाची सूट पहिल्या चार महिन्यांपुरतीच ठेवली. त्यानंतर खर्चाची वजावट सोडली तर कमावलेला जवळजवळ प्रत्येक डॉलर मदतीतून वजा होई. मदत सुटली की पुढे सरकारी आरोग्यविमाही जाण्याची भीती. अशा बाईने नोकरी धरली नाही, तर तिला आळशी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. तिचा हिशेब चोख होता.

मग 1996 मध्ये नियम आणखी कडक झाले: कामाची अट, आणि केंद्राच्या पैशातून आयुष्यभरात मिळून 60 महिनेच मदत. एकल मातांची नोकरी वाढली, हे खरं आहे. पण त्याच सुमाराला अर्थव्यवस्था तेजीत होती, आणि 1975 पासून चालत आलेली, कमावणाऱ्या गरीब कुटुंबांना मिळणारी करसवलत 1993 मध्ये भरपूर वाढवली होती. ही सवलत एका मर्यादेपर्यंत कमाईबरोबर वाढत जाते. या यशातला मोठा वाटा तिचा, असं बरेच अर्थतज्ज्ञ मानतात आणि मलाही तेच पटतं. कडक नियमांची किंमत वेगळीच निघाली. 1996 मध्ये मुलं असलेल्या दर 100 गरीब कुटुंबांमागे 68 कुटुंबांना रोख मदत पोहोचत होती. 2020 मध्ये 21 उरली. बाकीची सगळी काही गरिबीतून वर आली नव्हती.

मला सर्वांत शिकवून गेला तो कॅनडातला 1990 च्या दशकातला प्रयोग. न्यू ब्रन्सविक आणि ब्रिटिश कोलंबियात, निदान वर्षभर मदतीवर असलेल्या एकल पालकांना सांगितलं गेलं: वर्षभरात आठवड्याला 30 तासांची नोकरी धरा, तीन वर्षं पगारावर भर घालू. ज्यांना हे सांगितलं आणि ज्यांना नाही, ते गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले होते, त्यामुळे तुलना भरवशाची. पहिल्या गटात नोकरीही वाढली, घरचं उत्पन्नही. पण तीन वर्षं संपून भर थांबली, तसतसा दोन गटांतला फरक पुसट होत गेला. पुष्कळांचे पगार मुळात कमी होते आणि तीन वर्षांत फारसे वाढले नाहीत. म्हणजे काम परवडण्यासारखं केलं की लोक जातात, मात्र पगार तुटपुंजाच राहिला तर आधार काढून घेता येत नाही.

पाळणाघराबद्दल थोडक्यात: क्वेबेकने 1997 पासून दिवसाला 5 डॉलरांत मुलं सांभाळायची सोय सुरू केली आणि आयांचं नोकरीतलं प्रमाण वाढलं. मूल कुठे ठेवायचं याचं उत्तर नसेल, तर कामाची अट घालून उपयोग नाही.

आणि गरिबीचंच म्हणाल, तर अमेरिकेत 2021 मध्ये मुलांसाठीची करसवलत वाढवून ती अगदी कमाई नसलेल्या घरांनाही दिली. सहा वर्षांखालच्या मुलामागे 3,600 डॉलर, मोठ्यामागे 3,000. त्या वर्षी बालगरिबीचा पूरक दर (करसवलती आणि सरकारी मदत धरून मोजलेला) 5.2 टक्क्यांवर आला. वाढ आणि साथीच्या काळातली इतर मदत थांबल्यावर, 2022 मध्ये तो 12.4 झाला. पालकांनी मोठ्या प्रमाणावर नोकऱ्या सोडल्याचं त्या महिन्यांच्या बहुतेक अभ्यासांत दिसलं नाही.

माझ्या हातात असतं तर मी ब्राझीलच्या बोल्सा फामीलिया या गरीब कुटुंबांना रोख मदत देणाऱ्या योजनेतला एक नियम आधी उचलला असता. उत्पन्न मर्यादेच्या थोडं वर गेलं तरी कुटुंबाचं नाव लगेच काढत नाहीत. काही काळ निम्मी रक्कम चालू राहते. हा काळ 2023 मध्ये दोन वर्षांचा होता, 2025 मध्ये नव्याने या टप्प्यात येणाऱ्या बहुतेकांसाठी एक वर्षावर आणला, आणि ते मला चुकीचं वाटतं. पुन्हा उत्पन्न घसरलं तर परत येताना अशा कुटुंबांना प्राधान्य असतं. नोकरी टिकेल की नाही याची खात्री नसलेल्या माणसाला, ती धरून पाहायला एवढा दिलासा लागतो.