पहिला ट्यूब अ‍ॅम्प निवडताना

गिटारच्या ट्यूब अ‍ॅम्पांमध्ये (आवाज वाढवायला व्हॅक्यूम ट्यूब वापरणारे अ‍ॅम्प्लिफायर) मॅचलेस डीसी-३० भारी की फ्रीडमन बीई-१००, हा प्रश्नच सोड. पहिला ईएल८४ जातीच्या ट्यूबांचा, व्हॉक्स कंपनीच्या अ‍ॅम्पच्या वळणाचा. दुसरा ईएल३४ ट्यूबांचा, मार्शल कंपनीच्या अ‍ॅम्पच्या घराण्यातला. गेन (सिग्नल वाढवून सूर फाटका करणं) दोन्हींत आहे, पण पोत वेगळा. ऐकायला जाशील तेव्हा:

- दोन्हींच्या आवाजाची पातळी आधी सारखी कर. जो मोठा वाजतो तोच गोड वाटतो. मी असाच फसून एक घरी आणला होता.
- स्पीकर कॅबिनेट (स्पीकरचं खोकं) दोन्हींसाठी एकच ठेव.
- गेन चढवून गिटारचा व्हॉल्यूम १० वरून ६ वर आण. सूर स्वच्छ होतो की नुसताच दबतो? मला तरी हीच खरी परीक्षा वाटते.

वॉटच्या मागे लागू नकोस; ५० आणि १०० वॉटमध्ये फरक जेमतेम ३ डेसिबलचा. आणि हो, स्पीकर न जोडता अ‍ॅम्प कधीही वाजवू नकोस, आउटपुट ट्रान्सफॉर्मर (ट्यूब आणि स्पीकर यांना जोडणारा भाग) जळू शकतो.