कार्ड फॉरमॅट करायची घाई नको

लग्नाचं शूट आटोपून घरी आलास की आधी फोटो दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरव, दोन्हीकडचे चार-सहा फोटो उघडून बघ आणि मगच कार्ड फॉरमॅट कर. एकाच डिस्कचे दोन भाग पाडून दोन्हीकडे ठेवणं म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्क गेली की दोन्ही जातात. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ चा हिशेब सोपा आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. ती तिसरी क्लाउडवर ठेव, नाहीतर मामाकडच्या कपाटात, चालेल.

बॅकअपची डिस्क कायम लॅपटॉपला जोडून ठेवू नकोस. रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स अडकवून खंडणी मागणारा व्हायरस, शिरलं तर जोडलेलं सगळंच कुलूपबंद होतं. काढताना 'इजेक्ट' करच, विशेषतः डिस्क एक्सफॅट (विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालणाऱ्या) फॉरमॅटमध्ये असेल तर. आणि एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) वेगवान म्हणून वर्षानुवर्षं खणात टाकून ठेवायला घेऊ नकोस. वीज न मिळाल्यास त्यातला डेटा हळूहळू उडू शकतो.

डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर फुकट आहे, अधूनमधून चालव. 'कॉशन' (सावधान) दिसलं की नवी डिस्क घे. टक-टक आवाज यायला लागला तर मात्र लगेच बंद कर आणि रिकव्हरीवाल्याकडे ने. फ्रीझरमध्ये ठेवायचा सल्ला देणारे भेटतील, त्यांचं ऐकू नकोस.