वाचकांचे प्रश्न : तुडतुडा खरा, पण कोणता?

प्रश्न : पाटण तालुक्यात आमचे भात आहे. चुडातून हात फिरवला की हिरवे किडे उडतात. काहींच्या पंखांवर काळा ठिपका आहे, काहींच्या नाही. बुंध्याशी तपकिरीही दिसतात. दुकानात विचारले तर सगळ्यांना ‘तुडतुडे’ म्हणतात आणि एकच औषध देतात. हे एकाच जातीचे आहेत का?

उत्तर : नाहीत. घोटाळा आपल्या शब्दातच आहे. टुणकन उडणाऱ्या, रस शोषणाऱ्या प्रत्येक बारीक किड्याला मराठीत तुडतुडा म्हणतात. पण भातावरचे हिरवे तुडतुडे आणि बुंध्यावरचे तपकिरी तुडतुडे ही दोन वेगळी कुळे आहेत. हिरवे सिकॅडेलिडी कुळातले, तपकिरी डेल्फॅसिडी कुळातले. त्यामुळे आधी रंग पाहू नका, मागचा पाय पाहा.

दहापट भिंग घ्या. किडा काचेच्या बाटलीत घालून अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे पाय न मोडता निपचित पडतो. मागच्या नडगीवर कंगव्यासारख्या काट्यांच्या लांब रांगा दिसल्या तर तो सिकॅडेलिडी. रांगा नाहीत, पण नडगीच्या टोकाला एक मोठी, हलणारी आर दिसली तर तो डेल्फॅसिडी. मिशाही पाहा : पहिल्याच्या केसासारख्या बारीक, दुसऱ्याच्या डोळ्यांखालून निघालेल्या आणि बुडाशी जाड.

आता हिरव्यांकडे. भातात मुख्यतः नेफोटेटिक्स या प्रजातीतल्या (म्हणजे जीनसमधल्या) दोन जाती भेटतात, व्हायरेसेन्स आणि निग्रोपिक्टस. दोन्ही साधारण 4 ते 5 मिलिमीटरच्या, दोन्हींच्या नरांच्या पंखांची टोके काळी. ठिपका आहे की नाही यावर विसंबू नका. व्हायरेसेन्सच्या काही नरांत तो नसतोच आणि माद्यांत सहसा नसतो. फरक डोक्यावर आहे. निग्रोपिक्टसच्या डोक्याच्या पुढच्या कडेलगत काळा पट्टा असतो आणि त्यामागच्या छातीच्या ढालीची पुढची कडही काळी असते. व्हायरेसेन्सचे डोके स्वच्छ हिरवे. पंखावरचा ठिपका असला, तर निग्रोपिक्टसमध्ये तो पंखाच्याच पाठीकडच्या पाचरीसारख्या भागाच्या शिवणीला टेकतो, व्हायरेसेन्समध्ये अलीकडेच थांबतो. माद्यांत या खुणा फिक्या पडतात. म्हणून एका मादीवरून निकाल देऊ नये, निदान दहा-बारा नर पाहावेत. शेपटाकडे पोटाखाली सुरीसारखे अंडी घालायचे पाते दिसले की ती मादी, बाजूला ठेवा.

बांधावरच्या गवतात जाळी मारली तर निग्रोपिक्टस जास्त सापडतो, त्याला गवत आवडते. नमुना भाताच्याच आतून, बांधापासून आत जाऊन घ्या, नाहीतर शेताऐवजी बांधाचा हिशोब लागेल.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण टुंग्रो या विषाणूरोगाचा मुख्य वाहक व्हायरेसेन्स आहे. विषाणू त्याच्या अंगात काही दिवसच राहतो आणि पिल्लाने कात टाकली की जातो. टुंग्रो असलेल्या भागात एका चुडाला 2 किडेही जास्त मानतात. रोग नसेल तर फुटव्यांच्या वेळी 5 आणि फुलोऱ्यात 10 पर्यंत फवारणी न करता थांबता येते. तपकिऱ्यांचे गणित निराळे. ते पाण्यालगत बुंध्यावर बसतात, त्यांच्यामुळे चकत्या-चकत्यांनी भात करपते, आणि वरून पानांवर मारलेला फवारा त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. सिंथेटिक पायरेथ्रॉइड मारले तर त्यांना खाणारे मित्रकीटक मरतात आणि तपकिरी उलट वाढतात. एकच औषध देणाऱ्या दुकानदाराला हे जरूर विचारा.

प्रश्न : कृषी पदवीचा विद्यार्थी आहे, कराड. एका पुस्तकात नेफोटेटिक्स ॲपिकॅलिस, दुसऱ्यात इम्पिक्टिसेप्स, तिसऱ्यात व्हायरेसेन्स. आराखड्यात कोणते नाव लिहू?

उत्तर : जुने ॲपिकॅलिस म्हणजे आजचा निग्रोपिक्टस आणि इम्पिक्टिसेप्स म्हणजे व्हायरेसेन्स. कीटकशास्त्रज्ञ घौरी यांनी 1971 मध्ये मूळ नमुने तपासून या प्रजातीची फेरमांडणी केली. त्याआधीचे संदर्भ वाचताना नाव बदलून वाचावे लागते. भातावरच्याच नागमोडी तुडतुड्याचेही तसेच : रेसिलिया डॉर्सालिस 2009 पासून मायेस्टास डॉर्सालिस आहे, ते वेब आणि विरक्तमठ यांनी हलवले. वर्गीकरण असे लिहा : गण हेमिप्टेरा, उपगण ऑकेनोऱ्हिंका, कुळ सिकॅडेलिडी, उपकुळ डेल्टोसेफॅलिनी. ‘जॅसिडी’ हे कुळाचे जुने नाव, म्हणून तोंडी अजून जॅसिडच म्हणतात.

खात्रीसाठी नराचे जननांग पाहावे लागते. पोटाचा मागचा भाग तोडून 10 टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये रात्रभर ठेवा. घाईने उकळला की पातळ पडदे विरघळतात आणि भाग सुटे होतात. मग पाण्याने धुऊन ग्लिसरीनमध्ये पाहा : मधल्या कडक दांड्यावरचे, म्हणजे एडिएगसवरचे, काटे किती आणि कसे मांडलेत यावर जात ठरते. तोडलेला भाग ग्लिसरीनच्या छोट्या कुपीत घालून त्याच किड्याच्या टाचणीला लावा. वेगळ्या डबीत ठेवला की पोट एकाचे आणि पंख दुसऱ्याचे, हे हटकून होते.

काही नमुने 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, पण काही कोरडेच कार्डाच्या टोकावर चिकटवा. अल्कोहोलमध्ये हिरवा रंग उडतो. गाव, तालुका, तारीख, पीक आणि पकडण्याची रीत चिठ्ठीवर पेन्सिलने लिहा. बॉलपेनची शाई आत पसरते.

प्रश्न : जत भागात रब्बी ज्वारीवर चिकटा पडलाय. पोंग्यात तुडतुडे आहेत. भातावरचेच का?

उत्तर : नाही. तो बहुधा पेरेग्रिनस मेडिस, डेल्फॅसिडी कुळातला. भातावरच्या तपकिऱ्याचा चुलतभाऊ म्हणा. एकाच पोंग्यात लांब पंखांचे आणि आखूड पंखांचे दोन्ही प्रौढ सापडतात, त्यांना दोन जाती समजू नका. अंडी पानाच्या मधल्या शिरेत असतात. चिकटा, म्हणजे रस शोषणाऱ्या किड्यांनी टाकलेला गोड चिकट पदार्थ, माव्यानेही पडतो. मावा उडी मारत नाही आणि त्याच्या पोटाच्या टोकाकडे दोन बारीक नळ्या असतात.

कृष्णाकाठी ज्वारी उसाशेजारी असेल तर आणखी एक पाहुणा येतो, पाकोळी म्हणजे पायरिला. गवताच्या रंगाची, पुढे चोच काढल्यासारखे डोके. पिल्लांच्या मागे दोन पांढऱ्या लांब शेपट्या. तिला तुडतुडा समजून मोजू नका.